मिस्त्रीच्या होडीचा टप

“ताठ बसा, कारभारी! ताठ! पाठीला हाड दिलंय का न्हाई देवानं?”

“आरं मिस्त्री, न्याहारीपासनं बसवलंयस. उठू देशील का हितंच गाडशील?”

“डोकं दोरीला लागतंय का, तेवढं सांगा.”

“डोकं न्हाई, मुंडासं लागतंय.”

“मग मुंडासं काढा.”

“काढतो. मग गाव इचारंल, कारभारी कुणाच्या मयताला गेल्ता?”

अंगणात उभी असलेली आठ-दहा माणसं फिदीफिदी हसली. पीरमहंमद मिस्त्रीनं हातातली फूटपट्टी अशी आपटली, की कोंबड्या थेट कुडावर चढल्या. “हसा! हसायला लाकूड लागत न्हाई, खिळा लागत न्हाई. हसा!”

शेंडी गावात, धरणाच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर, मिस्त्रीच्या अंगणात त्या चैत्रात एक होडी उभी राहत होती. अजून ती होडी नव्हतीच. जमिनीत ठोकलेले बांबू, बांबूंना ताणलेल्या सुतळ्या आणि वर अर्धगोल वाकवलेल्या कामट्यांवर टाकलेलं गोणपाट. या गोणपाटाखाली मिस्त्री गावातला माणूस न् माणूस धरून बसवत होता. बाजूला फासळ्या उघड्या टाकून खरी होडी पडली होती, अठरा फूट लांब नि पाच फूट रुंद. बाहेरचं अंग ठरलं होतं, आतलं ठरत नव्हतं. मधल्या खणात माणूस किती खोल बसवायचा आणि त्याच्या डोक्यावर टप किती उंच धरायचा, या दोन मापांपाशी मिस्त्री महिनाभर अडला होता. आणि अडलेला मिस्त्री म्हणजे गाडीखाली शेपूट सापडलेलं मांजर.

“अजी,” ओट्यावरून हाजराबी म्हणाली, “कारभारी माणूस हायेत, फळी न्हाई. पाणी तरी द्या त्यांना.”

“तू दे. मी मापं घेतोय.”

“मापं! महिना झाला मापं चाललीत. एवढ्या मापांत दर्ग्याचा घुमट झाला असता.” तिनं कारभाऱ्यांपुढं तांब्या ठेवला. “आन् माझी माडी तर दोनदा झाली असती.”

माडीचं नाव निघालं, की मिस्त्री फूटपट्टी घेऊन फासळ्यांकडं वळायचा. होडीला लागलेलं सगळं सागवान माडीसाठी ठेवलेलं होतं. धरणाचं काम संपलं तेव्हा त्यानं हे वासे मागून घेतले होते. एकोणीस वर्षं ते छपराखाली कोरडे राहिले. पहिल्या वाशावर करवत चढली, तेव्हा हाजराबीनं तोंडाला पदर लावला आणि ती आत गेली. बोलली नाही. न बोललेलं मिस्त्रीला जास्त लागलं. मग त्याचाही त्याला राग आला.

मिस्त्री मूळचा केडगावचा. केडगावात पाऊस म्हणजे मोहरमची सवारी, वर्षातनं एकदा वाजतगाजत येणार, लोकांनी रस्त्यावर येऊन बघायचं, की संपलं. एकोणिसाव्या वर्षी तो धरणाच्या कामाला इकडं आला. दगडी कमानींच्या खाली लाकडी साचे उभे करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. धरण पुरं झालं, साहेब गेले, मजूर गेले. हा राहिला, कारण हाजराबी राजूरची. पहिल्या पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळलं, तेव्हा त्यानं छपराखाली रंधा लावला तो आश्विनातच बाहेर निघाला. पुढं दरवर्षी तेच. भातखाचरं त्याची नव्हती, चिखलात उतरायचं त्याला कारण नव्हतं. मशिदीपर्यंत जायचं झालं, तर पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची. पावसाशी त्याची ओळख एवढीच, छपराखालून.

अडतीस साली धरणावरच्या बंगल्यातल्या साहेबानं त्याला बोलावून एक रंगीत चित्र पुढं टाकलं होतं. निळं पाणी, पांढरी होडी, वर झालरीचा टप आणि टपाखाली गाद्यांवर रेललेल्या दोन मडमा.

“असं पाहिजे.”

“सायब, ह्या टपाखाली माणूस बसायचा कसा? गादीपासून दीड फूटसुद्धा न्हाई.”

“बसायचं नाही. लोळायचं,” साहेब म्हणाला होता आणि दुभाष्यासकट हसला होता.

मिस्त्रीनं चित्राबरहुकूम केली. दोन वर्षांत साहेबाची बदली झाली. झालर उंदरांनी खाल्ली. होडी धूळ खात पडली, मग सूर्यभाननं ती पाण्यात ढकलली. हा सूर्यभान तरुण, दंडानं भक्कम. धरणाचं पाणी चढलं तेव्हा पलीकडच्या काठावरची जांभूळवाडी रस्त्यावाचून राहिली होती. डोंगराच्या अंगानं यायचं तर अख्खा दिवस. सूर्यभान माणसं ने-आण करू लागला. ज्या होडीत मडमा लोळायच्या, तीत भाताची पोती आली, शेरडं आली, नवरीनवरे आले.

आणि गेल्या श्रावणात मनकर्णा आली.

मनकर्णा म्हणजे जांभूळवाडीच्या राहीबाईची लेक. राहीबाई स्वतः सुईण. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर पडलेली. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, नि कळा लागल्याच्या दुसऱ्या दिवशी आईला कळलं, हे आपल्या हातचं नाही, राजूरच्या दवाखान्यात न्यावं लागंल. भर पावसात होडी सुटली. शेंडीच्या काठाला लागली तेव्हा टपाखाली मनकर्णा होती, पण श्वास नव्हता.

पंधरा दिवसांनी राजूरच्या बाजारात, शेंगांच्या ढिगापाशी, राहीबाई मिस्त्रीसमोर उभी राहिली. उंच, हाडापेरानं दांडगी बाई. आवाज चढवला नाही.

“मिस्त्री, तुमच्या होडीत माणसाच्या डोक्याला जागा न्हाई.”

भरल्या बाजारात! मिस्त्रीच्या कानशिलांत रक्त उसळलं. “मला काय बोलती? कागद सायबाचा हुता!”

“कागदानं रंधा मारला का?”

एवढं बोलून ती गेली. त्या दिवसापासून मिस्त्रीच्या डोक्यातला राग विझला नाही. साहेबावर राग, चित्रातल्या मडमांवर राग. अख्खा तलाव बांधला नि एक धड होडी बांधली नाही, त्या सगळ्यांवर राग. राहीबाईवर तर होताच. आणि या साऱ्यांच्या तळाशी आणखी एक होता, त्याच्याकडं तो बघत नसे. दीड फुटात माणूस बसत नाही, हे तेव्हाच त्याच्या तोंडून निघालं होतं. निघालं, आणि मग त्याच हातानं त्यानं टप ठोकला होता.

माघात बातमी आली, की राहीबाईची सून गोजरा पोटुशी हाय. दिवस भरायचे आषाढात. मिस्त्री जेवता जेवता उठला, हात धुतला, छपराखाली गेला आणि माडीच्या वाशांवर खडूनं रेघा मारल्या.

*

“मधी बस,” तो हाजराबीला म्हणाला. आता वैशाख लागला होता. खऱ्या होडीला तळाच्या फळ्या बसल्या होत्या, काठ चढले होते.

“मी? मी काय सुईण हाय?”

“बाईमाणसाचं माप पायजे. बस म्हणतो ना!”

हाजराबी लुगडं सावरत आत उतरली, तळावर मांडी घालून बसली. फक्त तिचे डोळे नि कपाळ काठाच्या वर दिसत होतं.

“या अल्ला! विहिरीत बसल्यागत वाटतंय. मला बाहेरचं कायबी दिसत न्हाई.”

“दिसायचं काय करायचंय? आत वारा लागायला नको.”

“आन् बाहेर कशी येऊ? गुडघं बघितलेत का माझं?”

मिस्त्रीनं तळावर चार बोटं उंच लाकडी जाळी टाकली. आता तिचं नाक दिसू लागलं. जाळीखाली पाणी साचलं तरी निजलेली बाई कोरडी राहील, हे बरं झालं. पण माणूस वर आला की टप वर घ्यावा लागणार. टप वर घेतला की होडी वरून जड होणार. तळ खाली घ्यावा तर बसणारा विहिरीत. एक माप सोडवावं तर दुसरं गळा धरी. बसल्यावर हाजराबी तळापासून तीस इंच. राहीबाई दांडगी, तिला चौतीस धर. सुईणीचे हात वर-खाली होणार, आणखी वीतभर पाहिजे. बेचाळीस इंच!

“मिस्त्री, हे काय बांधलंयसा?” सूर्यभान टपाच्या कामट्यांकडं बघत म्हणाला. “घाटघरचा वारा म्हायती हाय न्हवं? हा टप न्हाई, हे शीड हाय. वारा भरला की होडी एकीकडं, आन् आमी दुसरीकडं.”

“तू वल्हं मार. लाकडातलं मला शिकवू नको.”

“पाण्यातलं तर सांगू का न्हाई?”

“न्हाई!”

“बरं. मग बुडताना तरी तुमाला हाक मारतो.”

मिस्त्रीनं तासायचं वाकस उचललं. सूर्यभान दोन ढांगांत कुडाबाहेर. पण रात्री मिस्त्रीला झोप आली नाही, आणि सकाळी त्यानं तळावरची जाळी दोन बोटं खाली घेतली, टप तीन बोटं उतरवला. दुपारी पुन्हा चढवला. लढाईमुळं बाजारात खिळे मिळत नव्हते. जुन्या खोक्यांतले उपसून, दगडावर सरळ करून वापरायचे, आणि तेच खिळे तिसऱ्यांदा उपसताना त्याच्या तोंडून ज्या शिव्या निघत, त्या ऐकून हाजराबी कानांवर हात ठेवी. “नमाजी माणूस तुमी!”

“अल्लाला ठाऊक हाय मी कुणाला देतोय.”

“कुणाला?”

त्यानं पुढचा वाकडा खिळा दगडावर धरला.

शेवटी एकोणचाळीस इंचांवर टप ठरला. वर कापड, कापडावर डांबर, दोन्ही बाजूंना आत शिरायला तोंडं. कारभारी येऊन बसून गेले, हाजराबी बसली, मागल्या आळीतल्या चार उंच बाया बसल्या. कुणाचं डोकं लागलं नाही. मिस्त्रीनं शेवटचा खिळा मारला आणि सूर्यभानला सांगितलं, “तिला म्हणावं, ये. डोक्याला जागा हाय का बघून जा म्हणावं.”

“तीनदा सांगितलं मिस्त्री. ती म्हनती, मला येळ न्हाई.”

“चौथ्यांदा सांग.”

*

राहीबाई आली ती ज्येष्ठाच्या तोंडाशी, टळटळीत दुपारी. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, जमीन तव्यासारखी तापलेली. आणि बाईनं डोक्यापासून गुडघ्यामागपर्यंत नवं कोरं इरलं पांघरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं विणलेलं, आत पानं भरलेलं, पाठीवरून खाली उतरणारं ते पावसाळी कवच. पालथी घातलेली होडीच जशी चालत यावी.

अंगणातले लोक बघत राहिले. कारभाऱ्यांना ठसका लागला.

“राहीबाय, पाऊस कुठं हाय गं? का आमाला दिसंना?”

“श्रावणात हुता,” ती म्हणाली. “तुमाला दिसला न्हाई तवाबी.”

कारभारी मुंडासं सावरू लागले.

“उतरा इरलं, बाई, आन् बसून बघा,” मिस्त्री टपावर थाप मारत म्हणाला. वर्षभराचा राग आज मिरवायला निघाला होता. “बसा ताठ. हात वर करा. काय पायजे ते करा. मग सांगा, पीरमहंमदच्या होडीत डोक्याला जागा हाय का न्हाई.”

“उतरवू? का?”

“मग काय इरलं घालून बसणार?”

“पावसात आमी काय घालून बसतो, मिस्त्री? मडमंची छत्री?”

ती काठावर चढली आणि टपाच्या तोंडाशी वाकली. कडकन आवाज झाला. इरलं चौकटीत अडकलं. ती बाजूला वळली, तिरकी झाली, पाठीमागून शिरायला बघितलं. इरल्याची खालची कड काठावर आदळली, वरची टपात रुतली. बाई ना आत ना बाहेर.

“काढा की इरलं!” मिस्त्री ओरडला. “काढायचं, कडंला ठेवायचं नि शिरायचं! एवढी अक्कल न्हाई?”

“कडंला? कुठल्या कडंला?” आता राहीबाईचा आवाज चढला. पहिल्यांदाच चढला. “पाण्याच्या कडंला? तसंच केलं हुतं, मिस्त्री! सूर्यभानला इचारा! पोरगी आत लोळवली, तुमच्या टपात. मी इरल्यासकट शिरायला गेले, घुसंना. काढलं, तर वाऱ्यानं हातातनं नेलं, पार पाण्यात. मी वाकून घुसले तर कमरंपतुर आत, कंबर बाहेर, पाठीवर सारा पाऊस. तिचं पाय तेवढं माझ्या हाताला लागलं. पाय धरूनच बसले मी काठापतुर. लेकीनं तीनदा हाक मारली. तोंड दिसलं न्हाई मला तिचं.”

सूर्यभान अंगठ्यानं माती उकरत होता.

“तूच म्हनली हुतीस,” मिस्त्रीचा आवाज बसला होता, “डोक्याला जागा न्हाई. म्हणून मी एकोणचाळीस… म्हणून मी आतली उंची…”

“मी आत बसलेच कधी, मला आतलं ठाऊक असाया?”

मिस्त्री टपाकडं बघत राहिला. चार महिने. किती माणसं बसवली, किती सुतळ्या ताणल्या, आणि प्रत्येकाला सांगितलं, मुंडासं काढा. उन्हात बसवली सारी, उघड्या डोक्यानं. ज्या पावसासाठी होडी, त्या पावसात माणूस काय पांघरून येतो, हे एकालाही विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि इतक्या माणसांतल्या एकालाही सांगायचं सुचलं नाही.

“सूर्यभान!” तो गरजला. “तुझ्या तोंडात काय पान हुतं का? सांगता आलं न्हाई?”

“मी म्हनलं हुतं, पाण्यातलं सांगू का. तुमी म्हनला, न्हाई.”

मिस्त्रीनं पहार उचलली. हाजराबी ओट्यावरून किंचाळली, सूर्यभान मागं सरला, पण पहार टपाखाली शिरली. पहिल्या दणक्याला एक कमान निखळली, दुसऱ्याला दोन. डांबराचं कापड टरटर फाटलं. तिसऱ्यांदा सरळ केलेले खिळे चौथ्यांदा वाकडे झाले. कुणाची त्याला अडवायची छाती झाली नाही. फक्त राहीबाई जागची हलली नाही. टपाचा शेवटचा तुकडा तिच्या पायाशी येऊन पडला, तरी नाही.

धापा टाकत मिस्त्री थांबला. उघडी होडी उन्हात पडली होती, पाच फूट रुंद नि मधी रिकामी.

“बस,” तो म्हणाला. “तशीच बस. इरल्यासकट.”

“टप न्हाई, मग डोक्यावर काय?”

“तुझ्या डोक्यावर हाय की! तू घर घेऊनच आलीस, मी कशाला दुसरं बांधू? बस, म्हणतो!”

राहीबाई आत उतरली आणि तळावर, काठाला पाठ लावून बसली. इरल्याची मागची कड आतल्या फळीला टेकली, इरलं वर सरकलं आणि पुढची कड तिच्या नाकावर येऊन बसली.

“दिसत न्हाई कायबी.”

“खोल झालं.” मिस्त्रीनं आवाज दिला, “विटा आणा!”

कारभारीसुद्धा विटा आणायला धावले. काठाच्या कडेनं विटा, विटांवर फळी, फळीवर राहीबाई. एक थर, तरी इरलं आतच टेकलं. दुसरा थर. तिसऱ्याला इरल्याची मागची कड काठाच्या वर आली आणि सहज बाहेर पडली, जशी पागोळी भिंतीच्या बाहेर पडावी. बाईचं तोंड मोकळं, हात मोकळे. हौसेनं आणखी एक वीट घातली, तर ती मागं झुकली आणि तिनं पटकन फळी धरली.

“उचलून फेकताय का काय मला, मिस्त्री?”

“काढा एक! काढा! तीनच.” त्यानं काठापासून फळीपर्यंत वीत लावली, वर चार बोटं. “हितं. माणसाच्या कमरंच्या वर चार बोटं काठ. ना विहीर ना माळा.”

तिच्यासारखी आणखी इरली आणवली. वर्षाची इरली घरोघरी नुकतीच विणून झाली होती. तीन माणसं एका काठाला, तीन दुसऱ्याला, समोरासमोर, पाठी पाण्याकडं. पुढं वाकली तेव्हा इरल्याला इरलं टेकलं आणि होडीच्या मधोमध कौलं घातल्यासारखी सावली पडली.

“हाजरा! पाणी आण!”

“अजी, कशाला?”

“वत ह्यांच्यावर!”

हाजराबीनं कळशी कमरेवर घेतली, ओट्यावर चढली. माडी गेली, वासे गेले, आता भर उन्हात लोकांवर पाणी ओतायचं राहिलं होतं! तिनं कळशी अशी उपडी केली, की त्यात एकोणीस वर्षांचा सगळा हिशेब फिटावा. “घ्या! मोठा आला पाऊस!” दुसरी कळशी. तिसरी. पाणी इरल्यांवरून घरंगळून काठाबाहेर मातीत पडत होतं. आत किती आलं, ते वरून कळेना.

“सरका,” मिस्त्री म्हणाला आणि दोन रांगांच्या मधल्या जाळीवर उताणा निजला.

पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस, छातीवर लाकडाचा भुसा, पाय लांब करून तिथं पडला, जिथं बाळंतीण पडणार होती. वरून पाणी कोसळत होतं, कामट्यांवर ताशा वाजावा तसं. कपाळावर एक थेंब आला. दुसरा आला नाही. डोळे उघडले तर थेट वर राहीबाईचं तोंड, सावलीतलं, वाकलेलं.

“मिस्त्री,” ती हळू म्हणाली, “माझं तोंड दिसतंय का?”

त्यानं मान हलवली.

“मलाबी तुमचं दिसतंय,” ती म्हणाली. “जागा हाय.”

तो उठला तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की कारभाऱ्यांवर ओरडला. “वीट कुणी उचलली हितली? हात लावायचा न्हाई! जे हाय ते तसंच ठोकणार मी!”

“आन् होडीच्या दोन टोकांकडनं पाऊस येईल त्याचं काय?” सूर्यभाननं भीत भीत विचारलं.

मिस्त्री त्याच्याकडं वळला. कारभाऱ्यांनी हातातली वीट खाली ठेवली.

“सांग,” मिस्त्री म्हणाला. “पाण्यातलं तू सांग.”

“इरली आडवी टाकायची. एक पुढं, एक मागं. बांधायला कडी पायजे.”

“कड्या बसवतो.” आणि मग, जड जीवानं, जसा दात उपटावा तसं, “बरं झालं बोललास.”

*

आषाढात गोजरेचे दिवस भरले, आणि या खेपेला राहीबाईनं पहिल्या कळेलाच राजूरच्या दवाखान्याची वाट धरली. त्या दिवशी पाऊस असा होता, की पलीकडचा डोंगरच नव्हता. मिस्त्री पोत्याची खोळ घेऊन काठावर उभा होता. हाजराबी बैलगाडीपाशी, गाडीत गवत पसरून. पाण्यावर आधी काहीच दिसेना. मग एक काळपट ओळ दिसली, कासवं एकमेकांना चिकटून यावीत तशी. माणूस एकही दिसत नव्हता, फक्त इरली. वारा घाटघरकडून उसळत होता, होडी डुलत होती, पण कलत नव्हती. वाऱ्याला धरायला तिथं काही नव्हतंच.

“हळू! हळू आण! कड तासून ठेवशील माझी!” मिस्त्री गुडघाभर पाण्यात शिरून ओरडू लागला. “डावीकडं घे! सूर्यभान, डोळं फुटलं का!”

होडी लागली. एकेक इरलं उठलं, तसतसा उजेड आत गेला. गोजरा जाळीवर होती. कळांनी तोंड पिळवटलेलं, पण केस कोरडे. तिचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. चौघांनी तिला उचलून गाडीत ठेवली, हाजराबीनं तिच्यावर आपलं पांघरूण घातलं.

राहीबाई गाडीच्या मागं चालू लागली, थांबली, मागं वळली. पाऊस तिच्या इरल्यावरून वाहत होता.

“मिस्त्री.”

“काय?”

“सबंध वाटंनं तिचं तोंड बघत आले.”

पोत्याच्या खोळीखाली मिस्त्रीच्या दाढीतून पाणी टपकत होतं. त्यानं तोंड फिरवलं आणि होडीत वाकून जाळीवर हात फिरवला.

“ही फळी ओली का हाय?” तो सूर्यभानवर खेकसला. “डोक्याकडची! कोरडी पायजे हुती! उद्या आण होडी अंगणात, मी बघतो हिच्याकडं. आन् सूर्यभान…”

“जी?”

“माझ्या मापाचं एक इरलं कोण विणून देईल, इचार वाडीत.”